धूळपाटी ते संगणक : वर्गातील साधनांची वाटचाल

जैन परंपरेत विद्येचा आरंभ भगवान ऋषभदेवांपासून मानला जातो. त्यांनी आपल्या ब्राह्मी व सुंदरी या कन्यांना अनुक्रमे लिपी आणि अंकविद्या शिकविली, ही कथा प्रत्येक श्रावकाच्या घरी ऐकिवात असते. महाराष्ट्रातील जुन्या गावठी शाळांत मुलाच्या हाती पहिल्यांदा अक्षर येई, तेव्हा पंतोजी त्याच्याकडून ‘ओनामासीधं’ असे म्हणवून घेत. ‘ॐ नमः सिद्धम्’ या नमस्काराचेच ते झिजलेले रूप होय. मराठीत कोणत्याही कार्याच्या आरंभाला ‘ओनामा’ म्हणण्याचा प्रघात तेथूनच पडला. त्या नमस्काराबरोबर मुलाच्या पुढ्यात जे साधन ठेवले जाई, त्याचे नाव धूळपाटी.

लाकडी फळीवर बारीक माती किंवा विटकरीची पूड पसरावयाची, तीवर काडीने अक्षर काढावयाचे, आणि हाताने पुसून पुन्हा काढावयाचे, एवढाच या साधनाचा व्याप. त्याला ना मोल, ना दुरुस्ती. शाई सांडण्याचे भय नाही, कागद फुकट जाण्याची चिंता नाही. चूक झाली तर ती क्षणात नाहीशी होते. धुळाक्षरांवर हात बसला की मग मूळाक्षरे, कित्ता, बोरू आणि मोडीचे वळण अशी चढण असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचे पाठांतर सगळा वर्ग एका सुरात करी. वरच्या तुकडीतील मुलगा खालच्या मुलांना शिकवी आणि पंतोजी सर्वांवर नजर ठेवीत. या पद्धतीत उणिवा पुष्कळ होत्या. पंतोजींची छडी तर कुप्रसिद्धच होती. परंतु जे साधन होते ते शिक्षकाला पूर्ण ठाऊक होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या साध्या धुळीने पुढे समुद्र ओलांडला, हे फार थोड्यांना माहीत असते. इ.स. १७८९ मध्ये मद्रास येथील एग्मोर भागात सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक वसतिशाळा सुरू झाली. तिची व्यवस्था अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे आली. शाळेतील पगारी शिक्षक नीट शिकवीत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. एके दिवशी जवळच्या एका मलबारी शाळेत मुले जमिनीवर पसरलेल्या वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत असल्याचे त्यांनी पाहिले. हीच रीत आपल्या शाळेत सुरू करावी असे त्यांनी आपल्या साहाय्यक शिक्षकाला सांगितले. त्याने ती मनावर घेतली नाही. वाळूत मुले शिकतील हे त्याला पटेना. तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्कन नावाच्या, एका सामान्य सैनिकाच्या आठ वर्षांच्या मुलावर सर्वांत खालचा वर्ग सोपविला. त्या मुलाने वाळूत अक्षरे काढून घेण्याचे काम इतके उत्तम केले की हळूहळू बहुतेक वर्ग विद्यार्थी-शिक्षकांकडेच आले. इ.स. १७९७ मध्ये बेल यांनी लंडनमध्ये आपल्या प्रयोगाचा वृत्तांत छापला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये गरीब मुलांसाठी शाळा उघडली आणि वाळू, पाटी व विद्यार्थी-शिक्षक यांच्या बळावर एका गुरूने शेकडो मुले शिकविण्याची पद्धत इंग्लंडभर पसरली. इ.स. १८१४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थानात पाठविलेल्या खलित्यात ही रीत मुळात येथील खेड्यांतील पंतोजींची असल्याचे मोकळेपणाने मान्य केले आहे.

नव्या साधनाची अडचण साधनात नव्हती, ती शिकविणाऱ्याच्या मनात होती, असे या प्रसंगावरून दिसते. परंतु त्या शिक्षकालाही सर्वस्वी दोष देता येणार नाही. वर्षानुवर्षे एका रीतीने शिकविणाऱ्या माणसाला ‘उद्यापासून असे करा’ एवढेच सांगितले, तर तो मान डोलावतो आणि जुनेच करीत राहतो. मद्रासमधील त्या शिक्षकाने निदान तोंडावर नाही म्हटले!

मुंबई इलाख्यात गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत, इ.स. १८२२ मध्ये, देशी भाषांतील शालेय पुस्तके व शाळा यांच्यासाठी एक सोसायटी स्थापन झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस होते आणि सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांच्यासारखे विद्वान तिच्या कामात होते. छत्र्यांचे ‘बाळमित्र’ व इसापनीतीचे भाषांतर ही मराठी बालवाचनाची पहिली पावले याच काळातील. छापील पुस्तक ही त्या वेळची सर्वांत नवी यंत्रविद्या होती. मात्र ती वर्गात आणताना सोसायटीने जे धोरण ठेवले ते शहाणपणाचे होते. आरंभीची अनेक पुस्तके शिळाप्रेसवर काढली गेली. शिळाप्रेसचा विशेष असा की, लेखकाने हाताने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे कागदावर उमटते. त्यामुळे पोथी वाचणाऱ्याला छापील पान परके वाटत नसे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सोसायटीने केवळ पुस्तकांचे गठ्ठे जिल्ह्याजिल्ह्यांत धाडले नाहीत. आधी मुंबईत शिक्षक तयार केले. इ.स. १८२६ च्या सुमारास असे चोवीस शिकविलेले शिक्षक निरनिराळ्या भागांत पाठविण्यात आले, आणि पुस्तके त्यांच्याबरोबर गेली.

छापील अक्षराबद्दलचा संकोच शाळेपुरता नव्हता. जैन समाजातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रे छापावीत की नाहीत, यावर मोठा वाद झाला. हस्तलिखित पोथीचे पावित्र्य छापखान्यात राहणार नाही, शास्त्राचा अविनय होईल, असे सनातनी मंडळींचे म्हणणे होते. ग्रंथ भांडारात कुलूपबंद राहिला तर श्रावकाला काय उपयोग, असा सुधारकांचा प्रतिप्रश्न होता. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी इ.स. १८८५ मध्ये ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू केले आणि छापील अक्षराच्या बाजूने कौल दिला. आज घरोघरी छापील ग्रंथ आहेत आणि हस्तलिखितेही भांडारांत जपली जात आहेत. दोन्ही पक्षांनी धरलेले काही ना काही टिकले.

साधनांचा प्रसार बेताबेताने कसा करावा याचा सर्वांत उत्तम दाखला बडोदे संस्थानाचा आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण इ.स. १८९३ मध्ये प्रथम अमरेली भागातील मोजक्या गावांत चालू केले. तेथे तेरा वर्षे अनुभव घेतला, आणि मग इ.स. १९०६ मध्ये ते संपूर्ण संस्थानाला लागू केले. तेरा वर्षे म्हणजे अधीर माणसाला युगासारखी वाटतील. परंतु शाळा काढल्या आणि बंद पडल्या, असे म्हणण्याची पाळी संस्थानावर आली नाही. इ.स. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. त्यांच्या काळात उभ्या राहिलेल्या ग्रंथालय खात्यात फिरत्या ग्रंथपेट्या होत्या, त्याचप्रमाणे दृश्य शिक्षणाची एक स्वतंत्र शाखाही होती. जादूचा कंदील, काचेवरील चित्रे आणि चलच्चित्रयंत्र घेऊन या शाखेची माणसे गावोगाव फिरत. यंत्र जाई तेथे ते चालविणारा आणि चित्र समजावून सांगणारा माणूसही जाई. आज ज्याला आपण दृक्-श्राव्य शिक्षण म्हणतो त्याचे हे शंभर वर्षांपूर्वीचे रूप. बडोद्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

स्वातंत्र्योत्तर काळातील एक बदल शाळेइतकाच दुकानालाही झोंबला. एप्रिल १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि १९५८ ते १९६२ या काळात टप्प्याटप्प्याने दशमान वजने व मापे आली. कापडाच्या पेढ्यांवर काही काळ वारपट्टी आणि मीटरपट्टी शेजारी शेजारी होत्या. गिऱ्हाईक वारात मागे, दुकानदार मनात हिशेब करून मीटरात फाडी. शाळेत मुलगा मीटर शिके आणि घरी आजीला समजावून सांगे. पावकी-दिडकीचे पाठांतर मात्र या बदलात हळूहळू मागे पडले, कारण आणे-पै गेल्यावर त्याचा रोजचा उपयोगच उरला नाही. त्याबरोबर तोंडी हिशेबाची जी तल्लखी गेली ती परत आली नाही, असे जुन्या मुनीमांचे मत होते. आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. तरीही एवढा मोठा बदल देशाने फारशी ओढाताण न होता पचविला, याचे श्रेय त्या चार-पाच वर्षांच्या सवडीला दिले पाहिजे.

आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम १९३७ पासूनचे. परंतु श्रवणाबरोबर चर्चा जोडली तर काय घडते, हे पुण्याने १९५६ मध्ये दाखविले. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा कार्यक्रम झाले, आणि सुमारे दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे बसली. कार्यक्रम संपला की मंडळातील लोक त्यावर बोलत व आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीत या गावांतील लोकांच्या ज्ञानात, मंडळे नसलेल्या गावांच्या तुलनेत, मोठी भर पडल्याचे आढळले. दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग १९७५-७६ मध्ये झाला. अमेरिकेच्या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत वर्षभर कार्यक्रम दिसले. सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी राखली होती. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि अनेक वर्षे मराठी मुलांनी तिचे कार्यक्रम पाहिले. ती संस्था पुढे बंद पडली.

संगणकाची कथा थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प हाती घेतला आणि आरंभी सुमारे अडीचशे माध्यमिक शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश बनावटीचे संगणक दिले. त्यांची स्मृती ३२ किलोबाइट होती. आजच्या साध्या भ्रमणध्वनीतील एका छायाचित्रालाही ती पुरणार नाही. पुढे हा प्रकल्प अडीच हजारांहून अधिक शाळांपर्यंत गेला. हेतू स्तुत्य होता. पण यंत्रावरील धडे इंग्रजीत, शिक्षकांचे प्रशिक्षण तुटपुंजे, आणि यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस दूर शहरात. त्यामुळे संगणक-कक्ष हे अनेक शाळांत एखाद्या गाभाऱ्यासारखे झाले. पादत्राणे बाहेर काढावयाची, धूळ जाऊ द्यावयाची नाही, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. त्याच काळातील दुसरी बाजू अशी की, १९८६ चे राष्ट्रीय शिक्षण धोरण ठरविताना जी आकडेवारी समोर होती तीनुसार देशातील सुमारे चाळीस टक्के प्राथमिक शाळांत साधा फळाही नव्हता. म्हणून १९८७ मध्ये ‘खडू-फळा’ मोहीम काढावी लागली. फळ्याच्या आधी संगणक आला, असा हा विचित्र क्रम! गोदामात ठाणे येऊन पडली म्हणजे लोकांच्या अंगावर कापड आले असे व्यापारी समजत नाही. शिक्षणखात्याच्या अहवालांत मात्र ‘इतकी यंत्रे पुरविली’ हाच पुष्कळदा यशाचा आकडा मानला गेला.

आता पुन्हा बडोदे. सन २००० मध्ये गुजरात शासनाने वडोदरा शहरातील शंभर प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. २००२ च्या जूनमध्ये ‘प्रथम’ या संस्थेने पाहिले, तेव्हा फारच थोड्या शाळांत मुले ते वापरीत होती. काही ठिकाणी चालविणारे कोणी नव्हते. मग ‘प्रथम’ने एक साधी योजना आखली. चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ तयार केले. वस्तीतीलच तरुण-तरुणींना थोडे प्रशिक्षण देऊन शाळेत नेमले. एका संगणकापुढे दोन मुले, आठवड्याला दोन तास. त्यांपैकी एक तास शाळेच्या वेळात आणि एक तास शाळेच्या आधी किंवा नंतर. खेळातील उदाहरणे मुलाला जमेल तशी कठीण होत जात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी या योजनेची शास्त्रशुद्ध मोजणी केली. निम्म्या शाळांत योजना, निम्म्यांत नाही, अशी तुलना होती. गणितात मुलांची प्रगती ठळकपणे दिसली आणि दुसऱ्या वर्षी ती अधिक होती. भाषेत मात्र काहीच फरक नव्हता, आणि तो असण्याचे कारणही नव्हते, कारण खेळ गणिताचे होते.

संगणक तेच, शाळा त्याच. दोन वर्षे झाकून ठेवलेल्या यंत्राला काय मिळाले? एक माणूस, एक वेळापत्रक आणि एक निश्चित काम.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. याच अभ्यासात मुंबई व वडोदरा येथील ‘बालसखी’ योजनेचीही मोजणी होती. वर्गात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतील एक शिकलेली तरुणी रोज दोन तास वेगळे बसवून वाचन व अंकगणित शिकवीत असे. तिच्याजवळ यंत्र नव्हते. या योजनेचा खर्च दर मुलामागे वर्षाला सुमारे १०७ रुपये येई. संगणकाच्या योजनेचा खर्च, पाच वर्षांचा घसारा धरून, सुमारे ७२२ रुपये. गणितातील लाभ संगणकाचा अधिक होता हे खरे. पण रुपयामागे किती शिक्षण पदरात पडले असा हिशेब मांडला तर बालसखी कितीतरी पटींनी स्वस्त ठरली. आणखी एक नोंद आहे. योजना संपल्यावर वर्षभराने पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा दोन्हींचा लाभ बराचसा ओसरलेला होता. थोडा टिकून होता. देणगी देताना उद्घाटनाचे छायाचित्र निघते. वीजबिल, दुरुस्ती आणि शिकविणाऱ्याचे मानधन ही दर महिन्याची बाजू छायाचित्रात येत नाही. धर्मादाय संस्थांच्या ताळेबंदात तरी ती पहिल्या वर्षापासून धरली गेली पाहिजे. पाच वर्षांनंतर त्या यंत्राची किंमत वहीत शून्य होते, पण शाळेच्या खोलीत त्याची अडगळ शिल्लक राहते.

गुजरातमधीलच ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत ली लिंडन यांनी केलेला दुसरा अभ्यास याला पूरक आहे. शिक्षिकेच्या तासाऐवजी मुलांना संगणकावर बसविले तेव्हा मुले मागे पडली. तोच संगणक शाळेच्या वेळेशिवाय जादा म्हणून दिला तेव्हा मुलांना, विशेषतः कच्च्या मुलांना, लाभ झाला. त्या शिक्षिका आपले काम उत्तम करीत होत्या. त्यांच्या जागी यंत्र बसविण्यात तोटाच होता.

परदेशांतही असेच अनुभव आले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेत पेरू देशाने लक्षावधी लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांच्या गणितात व वाचनात त्यामुळे सुधारणा आढळली नाही. या योजनेचा भारतातील एक आरंभीचा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैरात येथील लहानशा शाळेत झाला होता. स्वीडनने तर २०२३ मध्ये शाळांना छापील पुस्तके पुरविण्यासाठी मोठी रक्कम मंजूर केली; लहान मुलांच्या हातातील पडदा कमी करून पुस्तक परत आणावे, असे तेथील शासनाला वाटले.

महाराष्ट्रातील सुखावह उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याचे आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले हे २००९ मध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. शाळेची इमारत जनावरांच्या गोठ्याला लागून होती. त्यांनी नवे यंत्र मागितले नाही. मुलांच्या हातात जे होते ते पाठ्यपुस्तक, आणि गावात जो येऊ लागला होता तो मोबाइल, या दोहोंना त्यांनी जोडले. पुस्तकाच्या पानावर एक चौकोनी संकेतचिन्ह छापावयाचे, मोबाइलने ते टिपले की त्या धड्याचा आवाज, चित्रफीत किंवा सराव उघडतो. आधी आपल्या शाळेत, मग इतरत्र, आणि त्यानंतर राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ही चिन्हे आली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा दहा लक्ष डॉलरचा पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. अपरिग्रहाचे याहून चांगले उदाहरण अलीकडे क्वचित पाहावयास मिळते.

तो पुरस्कार जाहीर झाला तेव्हा शाळा ओस होत्या. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे त्या एकाएकी बंद झाल्या आणि चाळीस वर्षे संथ चाललेला प्रवास एका रात्रीत करण्याची वेळ सर्वांवर आली. ज्या घरी मोबाइल होता तेथे वर्ग त्यावर भरू लागले. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविली गेली. ‘असर’ या पाहणीनुसार २०१८ मध्ये ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांच्या साडेछत्तीस टक्के घरांत स्मार्टफोन होता, तो सप्टेंबर २०२० मध्ये सुमारे बासष्ट टक्के घरांत आलेला होता. लोकांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले. तरी पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काहीतरी अभ्याससाहित्य मिळालेली मुले सुमारे एक तृतीयांशच निघाली. साधन घरात पोचले होते. त्यातून यावयाचे ते आले नव्हते. मुलांनी जो काही अभ्यास केला त्यात आई, वडील आणि मोठी भावंडे यांचाच हातभार मोठा होता, असेही त्याच पाहणीत नोंदले आहे.

त्याच सप्टेंबरात महाराष्ट्रातील काही आदिवासी पाड्यांवर ‘बोलकी शाळा’ भरत होती. तेथे फोनही नव्हते आणि त्याला लागणारा संपर्कही नव्हता. ध्वनिमुद्रित पाठ आणि एक ध्वनिक्षेपक एवढेच सामान घेऊन स्वयंसेवक वस्तीवस्तीवर जात. मुले अंतर ठेवून उघड्यावर बसत, ऐकत, आणि ऐकलेले मोठ्याने म्हणत. कोणाला समजले नाही तर तो स्वयंसेवक यंत्र थांबवी आणि स्वतः सांगे.